तुम्ही न पाठवलेला तांदूळ

सोल, गुरुवार

तीर्थस्वरूप मामांना कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (पत्रातून कंबर दुखत नाही, म्हणून दोनदा.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? गिरणीचा पट्टा अजून सुटतो का? मी ठणठणीत आहे आणि कुणाशी भांडलेलो नाही. म्हणजे परवापर्यंत नव्हतो.

सुगीच्या सणाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी मुलगी नाही, मुलगा आहे, शिवाय कॉलेज सोडलंय. तेव्हा तुम्ही सूपाचा वाडगा खाली ठेवून गिरणी बघून येतो म्हणालात, ते अजून परत आला नाहीत. (आई म्हणते, मामांना कॉलेजचाच धक्का जास्त बसला. एवढं म्हणून तिने फोन ठेवला.)

तर मला संगीत नाटकात काम मिळालंय. नवरदेवाचं! निर्माते आधी मला मिशीवाल्या आत्याचं काम देत होते, लोक हसतात म्हणून. मी टेबलावर मूठ आपटली, त्यांचा चहा सांडला. दिग्दर्शिका ग्वाकबाई म्हणाल्या, आधी गाऊन दाखव, मग आपट. गायलो, आणि मिळालं. पण इथे एकाच कामाला दोन नट घेतात. शनिवार-रविवार भरल्या थिएटरात दो-इल नवरदेव, आणि आठवड्यातल्या ओस दुपारी मी. नवरी मात्र एकच, नारु. ती बुधवारी माझ्याशी लग्न करते, शनिवारी त्याच्याशी, आणि दोन्हीकडे पाठवणीला तेवढीच रडते. मामा, माणसाने जगायचं कसं?

पहिल्या प्रयोगाला नटाची माणसं फुलांचा मोठा हार पाठवतात. तो थिएटरच्या दालनात नटाच्या फोटोखाली तिवईवर उभा करतात, खाली तांदळाची पोती, आणि फितीवर पाठवणाऱ्याचं नाव. (तांदूळ नंतर अनाथाश्रमाला जातो.) दो-इलच्या फोटोखाली तुमचं गोदाम वाटावं इतकी पोती. माझ्या फोटोखाली आग विझवायचं लाल नळकांडं. (तेही उपयोगाचंच म्हणा.) माझं डोकं कसं आहे ते तुम्ही जाणता. मी जाऊन स्वतःच स्वतःला हार मागवला. फितीवर छापून घेतलं : 'आमच्या हान-ग्योलला, गिम्जेच्या गिरणीवाल्या मामांकडून.'

आणणाऱ्या बाबाला मी फक्त नवरदेवाचा हार एवढंच सांगितलं होतं. त्याने तो नेऊन दो-इलच्या फोटोखाली ठेवला. मी म्हटलं उचला, तो म्हणाला नवरदेव तर हाच दिसतोय. मग काय, मी पोतं ओढलं, त्याने धरलं, पोतं फाटलं आणि तांदूळ पार तिकीटखिडकीपर्यंत गेला. बाबा निघून गेला. नारु नवरीच्या वेषातच झाडू घेऊन आली. आम्ही दोघं उकिडवे बसून तांदूळ भरत होतो (प्रेमात याहून जवळ मी कधी गेलेलो नाही), तेव्हा तिने फीत वाचली, मग पोतं वाचलं.

"तुझे मामा गिम्जेचे गिरणीवाले ना रे?" ती हळूच म्हणाली. "मग तांदूळ इचनचा कसा?"

मामा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या नावाने परक्या गावचा तांदूळ! यासाठी तुम्ही मला हवं तेवढं बोला. सणाला सांगितलं त्याची मात्र मी माफी मागणार नाही.

पोत्यावरचं छापलेलं नाव नारुने भिंतीकडे वळवलं, फीत सरळ केली आणि हार माझ्या फोटोखाली नेऊन ठेवला. त्याच क्षणी मी तिला मनातलं सांगणार होतो. पण बाहेर पाऊस लागला होता आणि दो-इल छत्री घेऊन उभा होता. शनिवारची सवय त्याला आठवडाभर लागलेली दिसते.

प्रयोग बरा झाला. टाळ्याही पडल्या. कुठल्या खुर्चीवरून, ते मला अंधारातही सांगता आलं असतं, इतकीच माणसं होती.

मामींना नमस्कार. कुत्र्यालाही.

तुमचा आज्ञाधारक (हे आपलं लिहायची पद्धत),
हान-ग्योल

ता. क. ग्वाकबाई हाराबद्दल आभार मानायला तुम्हाला फोन करणार आहेत. पाठवला होता, एवढंच म्हणा. तुम्ही खोटं बोलत नाही हे ठाऊक आहे, तर नुसतं खोका. मामींचा खोकला तुम्हाला लागला असं मी सांगेन.

आणखी ता. क. खोकणंही जमत नसेल, तर पुढच्या बुधवारी दुपारी या. तिकीट खिडकीवर ठेवलंय. कुणाकडून आलात असं विचारतील, तेव्हा माझं नाव सांगावं लागेल. नवं. पाकिटावर लिहिलंय. जीभ अडखळू नये म्हणून गिरणी चालू असताना एकदा मोठ्याने म्हणून बघा. पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही.