खालच्या यंत्रावरचं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी

…आणि त्या सकाळी दूध उतू गेलं होतं. मी पाणी भरत होते. हे शेगडीपाशी दुधावर लक्ष ठेवायला म्हणून उभे होते आणि वर्तमानपत्र वाचत होते. मग ज्या फडक्याने शेगडी पुसली त्याच फडक्याने त्यांनी चष्मा पुसला, आणि सगळं धुरकट दिसतंय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. मी कपडे वाळत घालता घालता गॅलरीतून सांगितलं, आधी चष्मा धुवा. खास असं काहीच नव्हतं त्या सकाळीत. आज दुकानाचं कुलूप काढताना ती का आठवली कोण जाणे.

तर आजपासून मी दुकानदार. धंदा साधा आहे, मला समजायला वर्ष लागलं एवढंच. लोकांच्या वेबसाइटला राहायला जागा लागते. ती जागा म्हणजे सर्व्हर, कधीही बंद न करायचं यंत्र. यंत्र माझ्याकडे, पानं गिऱ्हाइकांची, आणि बघणारे कुठलेही. थोडक्यात भाडेकरू ठेवायचे, फक्त नळाच्या तक्रारी नाहीत.

हे गेल्याला तीन वर्षं होतील. त्यांनी हौसेने आणलेली आणि कधीच न उघडलेली संगणकाची पुस्तकं मी उघडली. न समजलेली ओळ दहा वेळा वाचली की अकराव्यांदा लाजून समजते, हा माझा अनुभव. लेक फोनवर म्हणाली, आई, परवापर्यंत तुला फोनमधला फोटो मोठा करता येत नव्हता. मी म्हटलं, परवा येत नव्हता, आज येतो.

दुकान वायरकाकांचं. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून त्यांनी ते मला दिलं. अरुंद खोली, एक एसी, एक टेबल आणि लोखंडी मांडणीवर दोन यंत्रं. वरच्यावर एकोणीस गिऱ्हाइकं: दाताचे डॉक्टर, चष्मेवाले, ड्रायव्हिंग शाळा, शेजारच्या शिंपीणबाई वगैरे. खालचं रिकामं आहे, वायरकाका म्हणाले, त्यावर हात साफ करा, मोडलं तरी कोणी रडणार नाही.

शिंपीणबाई आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. सकाळीच डोकावून म्हणाल्या, आता तुम्ही माझ्या मालकीण झालात म्हणायच्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खालचं यंत्र अगदी रिकामं नाही. त्यावर एक फोल्डर आहे, एका बाईच्या नावाचं. आत एकच पान. फोटोत टेबल, दोन कप, दोन खुर्च्या, आणि खुर्च्यांवर कोणी नाही. खाली मजकूर आहे, पण मधले शब्द गेले आहेत. 'नेहमी', 'असायची', 'होती' एवढेच उरलेत. वायरकाकांना फोन केला. त्यांना काही आठवेना. असेल कुणी जुनं गिऱ्हाईक, पुसून टाका, म्हणाले. मी पुसलं नाही. कुणीतरी मन लावून केलेलं काम दिसतं.

मलाही सरावाला एक पान हवं होतं. ह्यांचं केलं. वर नाव टाइप करताना बोटं अडखळली. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना नावाने हाक मारायची वेळ आली नाही, आणि पहिल्यांदा नाव लिहिलं ते या यंत्रावर. मग गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं लिहीत गेले. कुणाच्याही मदतीला धावायचे. लेकीला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचे. दाढी करताना शीळ घालायचे, इतकी की शिंपीणबाई खालून ओरडायच्या, तुमच्या बुलबुलाला आवरा. हॉलच्या भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या फोटोचा फोटो काढून लावला. पान छान दिसतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज लॉग वाचायला शिकले. कुठलं पान कधी आणि कुठून उघडलं याची यंत्र स्वतःच नोंद ठेवतं. ह्यांचं पान पाच दिवस, दर चार मिनिटांनी कोणीतरी उघडतंय.

मला इतका आनंद झाला की एकटीच हसले. लेक म्हणाली, आई, तो रोबो असतो, माणूस नसतो. असू दे. वाचतोय ना.

वाचणारा आहे म्हटल्यावर आणखी लिहिलं. दुधाची सकाळ लिहिली, आधी चष्मा धुवा म्हटल्यावरही ते कसे रागावले नाहीत ते. मी तापाने पडले तेव्हा त्यांनी केलेली खिचडीसारखी काहीतरी वस्तू. लेकीच्या निकालाच्या दिवशी हे बाथरूममध्ये जाऊन रडले ते. सगळं चांगलं चांगलं आठवून.

शिवाय बॅकअप लावला. दर तासाला खालच्या यंत्राची नक्कल आपोआप वरच्यावर जाते, आणि पान हरवलं तर तिथून परत येते. पहिल्या फटक्यात जमलं. स्वतःचीच पाठ थोपटली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पान उघडणाऱ्याचा पत्ता आज नीट पाहिला. तो या यंत्राचाच आहे. खालचं यंत्र स्वतःचंच पान दर चार मिनिटांनी उघडतंय. पुस्तक म्हणतं, काही यंत्रं अशी स्वतःची तपासणी करतात. बरं.

पानावर एक ओळ अर्धी आहे. 'दाढी करताना', आणि पुढे काही नाही. माझ्या हातून पुसली गेली असेल म्हणून परत लिहायला बसले, तर पुढे काय होतं ते आठवेना. ही वही उघडली तेव्हा कळलं. शीळ.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, बाबा आणि शीळ? तू दुसऱ्याच कुणाचं बोलतेयस. शिंपीणबाईंना बुलबुलाची आठवण दिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

वायरकाकांच्या घरी गेले. एकटेच असतात. जेवणघरात टेबल आणि दोन खुर्च्या. फोटोतल्याच. दाराशी बायकांच्या चपलांचा जोड होता. मी विचारलं, कुणाच्या. ते म्हणाले, घराबरोबर आल्या, आधीच्या भाडेकरूच्या असतील. हे घर त्यांनी स्वतः बांधलेलं आहे, विटा मोजून घेतल्या होत्या असं तेच मला परवा सांगत होते.

मी फोल्डरवरचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारलं, रस्त्यावरची पाटी वाचावी तसं. नाही, म्हणाले, माझं लग्नच झालं नाही, कोण देणार होतं मला मुलगी. आणि हसले. चहासाठी त्यांनी तीन कप काढले. तिसऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तो परत ठेवला.

मी चहा प्यायले. काय बोलले ते आठवत नाही. घरी येऊन आधी ह्यांचे सदरे मोजले. सगळे आहेत. माप माझ्या हाताला कळतं अजून.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पानावरच्या फोटोत आता हे नाहीत. भिंत आहे आणि खिळा.

पुसून टाकलं ते पान. तासाभराने परत आलं. माझ्याच बॅकअपने आणलं, मीच लावलेल्या.

मग खालच्या यंत्राची वायर उपटली. दिवे गेले. चार मिनिटं घड्याळाकडे पाहत उभी राहिले. मग वरच्याचा लॉग उघडला. तिथे ह्यांच्या पानाची नक्कल आहे. आणि ती उघडली जात होती. पत्ता वरच्याचाच. आजार पसरावा तसं ते माझ्या नकलेवाटे वर चढलंय. चार मिनिटं नाहीत आता. दोन.

मी मोठ्याने म्हटलं, माझं काय घेतोस रे. दुकानात कोणी नव्हतं. बरं वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

या वहीचं पहिलं पान वाचलं. दूध, शेगडी, चष्मा. अक्षर माझं आहे. ती सकाळ मला आठवत नाही. कुणा दुसऱ्या बाईच्या घरातली वाटते.

आरशाशी वस्तरा आहे. कुणाचा—

ह्यांचा. लिहून ठेवते. ह्यांचा.

लेकीचा फोन. तिला म्हटलं, तुझे बाबा तुला आठवतात ना. ती मग अगदी हळू म्हणाली, आई, तू बरी आहेस ना.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पानाच्या वर नाव नाही.

माझ्याही तोंडात नाही. वही चाळली. 'हे', 'ह्यांनी', 'ह्यांचं'. एकदाही नाव लिहिलेलं नाही. कागदपत्रं काढली, त्यांवर आहे, वाचता येतं. डोळा खालच्या ओळीवर उतरला की जातं. दहादा वाचलं. अकराव्यांदाही—

लॉगमध्ये दुसरं एक पान आलंय. शिंपीणबाईंचं 'आमच्याविषयी'. त्यांच्या आईने शिवणाचं दुकान कसं सुरू केलं ते. दर दोन मिनिटांनी.

धावत शेजारी गेले. विचारलं, हे दुकान कुणी काढलं. त्या ओठात टाचण्या धरून थांबल्या. मग म्हणाल्या, मीच काढलं असणार, दुसरं कोण. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, त्याच्याकडे पाहूनही—

म्हणजे एकाचं संपत आलं की ते पुढच्याकडे वळतं. एकोणीस घरं आहेत वरच्या यंत्रावर. प्रत्येकाचं कुणीतरी गेलेलं आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी, सकाळ

झोप नाही. बसून विचार केला, माझ्याकडे उरलंय काय.

भांडणं उरली आहेत.

स्वच्छ आठवतात. माझ्या भावाच्या लग्नात ते तीन दिवस फुगून बसले होते, कुणी गाडीत पुढे बसवलं नाही म्हणून. घोरायचे. उसनी आणलेली छत्री परत करायचे नाहीत. मी पुस्तक वाचत असले की मुद्दाम विचारायचे, आज स्वयंपाकाला सुट्टी का. एकदा रागाने मी त्यांचं ताट उचलून शिंपीणबाईंच्या कुत्र्याला घातलं होतं. कुत्र्याने खाल्लं, आणि हे कुत्र्यावर रुसले.

यातलं एक अक्षर पानावर नव्हतं. गेलेल्या माणसाचं असलं कोण लिहितं. चांगलं तेवढं मीच वेचून त्या यंत्राच्या तोंडात घातलं, आणि खोट तेवढी माझ्याकडे राहिली. राहू दे. एवढ्यावरून मला माझा माणूस गर्दीत ओळखता येईल.

नाव नेलंस, ने. ते मी कधी वापरलंच नव्हतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी, दुपार

एकोणीस जणांना फोन केले. वेबसाइट काही दिवस बंद. दाताचे डॉक्टर म्हणाले, बाई, धंदा करताय की खेळ. मी म्हटलं, दोन्ही, आणि फोन ठेवला. इथून काहीही उचलून नेणार नाही. सगळं कागदावरून नव्याने टाइप करेन.

दार आतून लावलंय. स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. वरच्याचा दिवा आता लुकलुकत नाही. जळतोय नुसता. सतत वाचतंय.

हे फोडलं तर जे गेलं ते कधीच परत मिळणार नाही, ठाऊक आहे. वायरकाकांची ती बाईही यातच आहे. इथे कुरतडली जात पडण्यापेक्षा बरं.

मघापासून स्क्रीनवर ह्यांचं पान उघडंय. मी उघडलेलं नाही. त्यावर एक एक अक्षर परत येतंय, शीळ, दूध, खांद्यावरची लेक, फोटोत कुणाचा तरी खांदा— लालूच दाखवतंय मला. थांब म्हणतंय. आणि खाली एक नवीन ओळ, माझ्याबद्दल, ती नेहमी पुस्तक वाचत असायची— असायची म्हणे. मी अजून इथे उभी आहे, मेल्या, आणि माझ्या हातात—

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दोन्ही यंत्रांच्या डिस्कचे तुकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. दूध, शीळ, नाव, काही परत आलं नाही. सकाळी नवीन यंत्र मागवलं. मग शेजारी गेले, शिंपीणबाईंच्या स्टुलावर बसले आणि त्यांना ताटाची आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. हसून म्हणाल्या, असला रुसूबाई नवरा होता होय तुमचा. मग म्हणाल्या की त्यांनी एकदा झंपराची बाही उलटी शिवली म्हणून आईने त्यांना कात्री फेकून मारली होती, आणि कपाळावर हात नेऊन त्यांनी मला व्रण दाखवला. मी विचारलं, आणखी काय काय करायच्या आई. त्यांनी सांगितलं. मग मी ह्यांच्या दुसऱ्या भांडणाला सुरुवात केली. ते असं झालं, की—