दारातून न निघणारं टेबल

मी, हिल्डा पास्कल मिस्किटा, वय वर्षे शहात्तर, धर्म ख्रिस्ती, राहणार मढ गाव, मालाड पश्चिम, मुंबई, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. मन तितकंसं शाबूत नाही, पण कायदा मनाचं विचारत नाही, असं माझ्या वकीलबाई मानसी सामंत म्हणतात. यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं मी रद्द करते. ती बरीच आहेत, आणि प्रत्येकात घर वेगळ्याच माणसाला गेलेलं आहे.

कलम १. बँकेतली ठेव, मयताचा खर्च भागवून उरेल ती, माझा एकुलता मुलगा रॉयस्टन याला. शवपेटी साधी असावी. बँड नको. माझी जाऊ रेमेडिया गायला उभी राहिलीच तर एका गाण्यानंतर तिला खाली बसवावं. जिवंतपणी मला हे जमलं नाही.

कलम २. नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं, वाकस आणि रंधा धरून, रॉयस्टनलाच. त्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही हे मला माहीत आहे. तरी विकू नयेत.

कलम ३. राहतं घर. इथेच माझा गोंधळ उडतो. रॉयस्टन बोरिवलीला राहतो आणि माझी पुढची खोली शूटिंगला भाड्याने देतो. माझ्यानंतर अख्खं घर देणार, असं तो तोंडावर सांगतो. पोरगा वाईट नाही. पण या खोलीत नाताळच्या दुपारी एक पंगत बसते, तिचं काय, हे मला कळेना.

पंगतीचं थोडं लिहिते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्यात ज्या घरी वर्षभरात मयत झालं, त्या घरावर नाताळला स्टार लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत. पास्कल गेला त्या वर्षी सगळ्या गावाने माझं दुःख इतकं नीट पाळलं की दिवसभर कोणी दारातच आलं नाही. दुःख पाळलं आणि मी उपाशी राहिले. तेव्हा फार एकटं वाटलं, आणि देवाचा रागही आला. पोटात पोर असलेल्या बाईला कोणी जागा दिली नाही, हीच तर नाताळची गोष्ट, आणि तीच विसरून आम्ही दारं लावून केक कापतो. दुसऱ्या वर्षापासून मी टेबल मांडलं. ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं, त्यांनी यावं. धर्म विचारायचा नाही. भात, बोंबलाचं कालवण आणि मैद्याचे तळलेले फुगे. हॅपी ख्रिसमस म्हणायचं नाही. रेमेडिया मदतीला येते आणि मुद्दाम तेच म्हणते, म्हणून तिला वाढताना मी बोंबील मोजून घालते.

हे मी देवासाठी केलं की एकटी बसवत नव्हतं म्हणून, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. फादरना विचारलं. ते म्हणाले, "हिल्डा, कालवण छान झालंय." यातून काय समजायचं?

गेल्या मे महिन्यात तर माझी पुरती वाट लागली. शूटिंगवाल्यांना नाताळ हवा होता. भर उन्हात त्यांनी दारावर स्टार लावला, माझ्या टेबलावर थर्माकोलचा केक ठेवला. मागच्या खोलीत भाड्याने राहणारी शेवंती परब, जिचा नवरा चंद्रप्रकाश फेब्रुवारीत गेला होता आणि जिला नाताळला पंगतीला ये म्हणून मी सांगून ठेवलं होतं, ती धुतलेलं लुगडं नेसून सरळ आत आली आणि लायटींच्या उजेडात टेबलाशी बसली.

"आंटी, फ्रेममध्ये कोण आलंय?" कोणीतरी ओरडलं.

मी म्हटलं, "शेवंती, अगं आज नाताळ नाही."

"माका काय म्हायत कधी असता तो? चांदणी दिसली, म्हणान इलंय," ती म्हणाली आणि केकसमोर रडायला लागली. रॉयस्टन कानात म्हणाला, "मम्मा, यार, तासाचं भाडं चालू आहे." मी सगळ्या युनिटला जेवायला बाहेर घालवलं आणि भात टाकला. शेवंतीच्या शेजारी बसून मीही रडले, पास्कलसाठी, इतक्या वर्षांनी. खोट्या नाताळात खरी पंगत झाली. खरा कुठला मानायचा? तेव्हापासून मी घोळात आहे.

म्हणून घर चर्चला लिहिलं. मग खोडलं, कारण त्यांच्या सजावट समितीला टेबलावर रंगीत लायटी हव्या आहेत. मग शेवंतीला लिहिलं. ती म्हणाली, "हिल्डाबाय, घर नको. तुझो झिल माझ्याशी बोलूचो नाय." माझ्या मुलाचा राग तिला नको होता, म्हणून तेही खोडलं.

अखेर असं ठरवते. घर रॉयस्टनला. भाड्याने द्यावं, माझी हरकत नाही.

कलम ४. पुढच्या खोलीतलं सागवानी टेबल, बाकांसह, शेवंती चंद्रप्रकाश परब हिला, पूर्ण मालकीने.

हे वाचून रॉयस्टन हसला. "मम्मा, ते दारातून निघत नाही." मला ठाऊक आहे. पास्कल होड्या बांधायचा. आयुष्यभर उघड्यावर काम केलं, त्यामुळे घरात बसून टेबल बांधताना त्याला दाराची आठवण राहिली नाही. गाव अजून हसतं. तेव्हा टेबल आहे तिथेच राहील, आणि मालकिणीला नाताळच्या दिवशी तिच्या टेबलापाशी येऊ द्यावं लागेल. दार किंवा भिंत फोडू नये. टेबलाला करवत लावल्यास ते दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होईल. पुढचं वकीलबाई सांगतील.

कलम ५. शेवंतीसाठी सूचना. मी गेल्यावर येणाऱ्या नाताळला या घरावर स्टार नसेल. रॉयस्टन म्हणेल, मला कामं आहेत. ऐकू नकोस. पास्कल बसायचा त्या जागेवर त्याला बसव, भात वाढ, आणि काही बोलू नकोस.

लिहून देणार: हिल्डा पास्कल मिस्किटा (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून साक्षीदार:
१. डॉ. मार्तंड वर्तक, मालाड (सही)
२. गार्गी भंडारी, मढ (सही)

ठिकाण: मढ, त्याच टेबलावर
दिनांक: ३ डिसेंबर २०२५