आठवीचे दात

गुरुवार, ६ मार्च

बघितली एकदाची आठवी. डोकं भणभणतंय.

टायरवाल्याच्या दुकानामागे शेडमध्ये भिंतीवर पडदा लावला होता. आमचं अख्खं मंडळ टायरच्या चळतींवर बसून. सगळे सातवीचे मालक. मास्तरांना अजून वाटतं आम्ही शाळेबद्दल बोलतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि किती वेळा सांगितलंय — कंपनी ही गाडी दर काही वर्षांनी पार नव्यानं घडवते, आपल्या दारात उभी आहे ती सातवी पिढी, आज दाखवणार आहेत ती आठवी. निघताना म्हणाले, "पास झाली का कळव."

नापास! नाकाडच एवढं मोठं की गाडी मागे राहिली आणि नाक आधी पोचलं. दाराला मुठी नाहीत. आत एकही बटण नाही, नुसता फळ्याएवढा पडदा. आमच्या सातवीचं बोनेट कसं — इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं, दोनच घड्या, पण जिथे हव्यात तिथे. कप्तान जन्मभर मालवाहू जहाजं हाकत आले. ते म्हणाले, माझ्या जहाजाला असं तोंड असतं तर मी किनाऱ्यावर किराणा दुकान टाकलं असतं.

मग पडद्यावर गाडी वळली आणि पाठ दिसली. डिकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्यांची पट्टी, आणि त्यात एकाला एक खेटून — दात! चक्क दात. मंडळातल्या वकिलांनी फोन पुढे धरला, म्हणाले डॉक्टर, दोन शब्द बोला. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या घराण्यातली गाडी, आणि मागे कुणीतरी कवळी उलटी बसवून पाठवलीय. मी असते तर पेशंटची माफी मागून परत माप घेतलं असतं."

टायरवाला हसता हसता चळतीवरून खाली आला. घरी येईपर्यंत मीही हसत होते. मग गाडी लावताना उगाच रडू आलं. का ते कळलं नाही. एवढं काय त्यात. गाडीच ती.

शनिवार, ८ मार्च

वकिलांनी ते चित्रण कुठे कुठे टाकलं देव जाणे. आज खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बोट दाखवायला लागला. मला वाटलं कळ आली. तर म्हणे, तुम्हीच ना त्या कवळीवाल्या बाई?

गाडीचं नाव आता कुणी घेतच नाही. कवळीच म्हणतात. बातमीच्या मथळ्यातसुद्धा कवळी. तीस वर्षं दात कोरले, कुणी विचारलं नाही. एक वाक्य बोलले तर गावभर नाव.

सूनबाईचं मात्र काहीच नाही. एरवी बारीकसारीक गोष्टीला लगेच फोन येतो तिचा. आहे ती त्याच कंपनीत, पण तिचं खातं सीटच्या कापडाचं. गेली काही वर्षं विचारलं की हेच सांगते. कापडाला तर मी काही बोलले नाही.

रविवार, ९ मार्च

चिरंजीवांचा फोन. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "आई, ते मागचे दिवे तिचे आहेत."

कापडबिपड काही नव्हतंच. कंपनीची अट — घरात नवऱ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. गाडीची अख्खी पाठ तिनं काढलीय, डिकीच्या झाकणापासून बंपरपर्यंत. उद्घाटन झाल्यावर संध्याकाळी ती स्वतः येऊन मला सांगणार होती. पेढा तेवढा राहिला होता, म्हणाला.

मी विचारलं, रागावलीय? तो म्हणाला, रागावली असती तर बरं झालं असतं. जेवते, कामाला जाते, झोपते. तिच्या टेबलावर कुणीतरी प्लास्टिकची कवळी ठेवली होती म्हणे.

सोमवार, १० मार्च

फोन केला. उचलला नाही. परत केला. नाही.

मंगळवार, ११ मार्च

वकिलांना सांगितलं, काढून टाका ते. त्यांनी काढलंही बिचाऱ्यांनी. पण आता ते त्यांच्या हातात कुठे राहिलंय! टायरवाला दुपारी दवाखान्यात आला, हातात गठ्ठा — दात विचकलेल्या गाडीचे स्टिकर, प्रत्येक सातवीच्या काचेवर लावायला. मी म्हटलं, नको. त्याला वाटलं मी लाजतेय.

मास्तर म्हणाले, जे वाटलं ते बोललीस, त्यात खोटं काय? तेच तर. खोटं नाहीच बोलले. डोळ्यांना दात दिसले, दात म्हटलं. मग सुनेचे दिवे म्हणून ते आता चांगले दिसायला हवेत का? फोनवर परत परत फोटो बघितला. दातच आहेत. पण दात म्हणून वाईट, की वाईट म्हणून दात — ते काही केल्या सुटेना.

गुरुवार, १३ मार्च

आजची गंमत लिहिलीच पाहिजे. गंमत म्हणावी का तेही कळत नाही.

कप्तान आले, दाढ दुखते म्हणून. तपासली. दाढ ठणठणीत. दुसरी बघितली, तीही. मी आरसा बाजूला ठेवला आणि नुसती बघत राहिले. तेव्हा खुर्चीत आडवे पडल्या पडल्याच म्हणाले — आठवी बुक केली.

कप्तानांनी! पडदा विझायच्या आत ज्यांनी शपथ घेतली होती, या गाडीत बसण्यापेक्षा चालत जाईन!

मी काही विचारायच्या आधीच सांगत सुटले. शिव्या नीट देता याव्यात म्हणून चालवून बघायला गेले होते. आत बसले, रस्त्याला लागले, आणि म्हणे बोलायचं सुचेना. खड्डा आला आणि गेला, कळलं नाही. खलाशासारखी चालते, नवरदेवासारखी नाही, म्हणाले. मंडळात सांगायची छाती होत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो, तुम्ही डॉक्टर आहात, बाहेर बोलणार नाही.

मग त्यांनी जुनं काढलं. सातवी आली तेव्हा मी मंडळात नव्हते. तेव्हा हेच सगळे सहावीचे मालक होते. सातवीला साबणाची वडी म्हणायचे. टायरवाल्यानं तर सहावीवर काळी फीत बांधली होती. आता तोच माणूस त्या साबणाच्या वडीला रविवारी सकाळी लेकरासारखी न्हाऊ घालतो.

म्हणजे मी अकरा वर्षं जिच्यावर जीव टाकला ती या लोकांची नावडती होती. मग तिचं देखणेपण खरं कुठलं? तिच्यात होतं, की आमच्या सवयीत?

जाता जाता विचारलं, आणि कप्तान, मागचे दात? म्हणाले, दिसतात की. तुम्ही म्हटल्यापासून तर जास्तच. पण गाडी चालवणाऱ्याला स्वतःची पाठ कुठे दिसते?

शनिवार, १५ मार्च

सूनबाई आली. एकटी. मी दार उघडलं, तिला आत घेतलं. मास्तर चहा करतो म्हणून आत गेले ते बाहेरच येईनात.

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, नाही आई, माफी नको. मग बराच वेळ सोफ्याच्या हाताचा दोरा ओढत बसली. कंपनीत काय चाललंय ते तुटक तुटक सांगितलं. दिवे बदलायचे का यावर बैठका चालू आहेत. पुढच्या गाडीवर तिला ठेवायचं की नाही, यावरही. वरचे लोक तिच्यासमोर कवळी हा शब्द वापरत नाहीत, एवढंच.

मी विचारलं, तुला स्वतःला कसे वाटतात? म्हणाली, तेच कळेनासं झालंय. रोज बघून बघून दिसायचेच बंद झाले. कधी वाटतं याहून चांगलं काही काढलं नाही, कधी वाटतं लोक म्हणतात तेच खरं.

आणि मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "कवळी म्हणालात त्याचं वाईट नाही वाटलं. तुम्ही ती बघितलीच नव्हती, त्याचं वाटलं. भिंतीवरच्या पडद्यावर बघितलीत, आई. तुम्ही फोटो बघून कुणाचा दात काढाल?"

पंचवीस वर्षांची पोरगी असताना या घरात आली, तेव्हा माझ्या सातवीभोवती तीन फेऱ्या मारून मग घरात पाऊल टाकलं होतं तिनं. त्या दिवसापासून ती मला सुनेपेक्षा मैत्रीण जास्त. आणि तिचं एवढं मोठं काम मी टायरवर बसून निकालात काढलं.

म्हटलं, उद्या दाखव.

रविवार, १६ मार्च

मंडळाला दांडी. शोरूमला गेलो — ती, मी, आणि मास्तर. मास्तर का आले विचारलं तर म्हणाले, निकाल बघायला.

ती गाडी समोर उभी. आता खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. अंगावर आली नाही. पडद्यावर जेवढी दांडगट वाटली तेवढी नाही. नाक मोठंच आहे, पण बाजूनं बघितलं तर त्या नाकापासून एक रेघ निघते ती खांद्यावरून वाहत मागे जाते, आणि मागे जाईपर्यंत नाकाचा राग उरत नाही. पाठीशी आले, हात फिरवला. पत्रा असा वळलाय की हात थांबतच नाही. माझ्या सातवीवर हात असा फिरत नाही. हे लिहिताना तिच्याशी दगाबाजी केल्यासारखं वाटतंय.

मग सूनबाईनं तिथल्या माणसाला सांगून दिवे लावले. आणि पुन्हा दात! तेच, एकाला एक खेटून. मला खोटं बोलवेना. म्हटलं, पत्रा सुरेख आहे गं, पण हे असे तुकडे का केलेस? सगळं एकसंध ठेवलं असतंस तर?

ती म्हणाली, "तुकडे कुठे आहेत, आई? एकच पट्टी आहे."

मला वाटलं, जिवाला लागलंय म्हणून बाजू घेतेय. मास्तरांना विचारलं. ते वाकले, चष्मा सारखा केला, म्हणाले, सरळ रेषा आहे एक. पण मास्तरांना गाडीतलं काय कळतं. तिथल्या विक्रेत्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, आता मॅडम, दात तर सगळ्यांनाच दिसतात.

घ्या! आता कोणाचं खरं मानू?

परतीच्या वाटेवर सूनबाईनं विचारलं, मग आवडली का नाही? आवडली म्हणायला जीभ रेटेना, नाही आवडली म्हणायलाही. म्हटलं, "कळत नाही." कालपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं हसू दिसलं. म्हणाली, चला, निदान एक माणूस तरी बघून मग गोंधळलं.

सोमवार, १७ मार्च

टायरवाल्याचा फोन. लोक वाट बघतायत म्हणे, गाडी प्रत्यक्ष बघून आलात तर अजून एक जोरदार वाक्य होऊन जाऊ दे. वकील फोन घेऊन दवाखान्यात हजर. मी बोलले — पत्रा सुरेख, नाक मोठं, दिव्यांचं मला अजून कळत नाही. त्यांनी फोन खाली केला. म्हणाले, डॉक्टर, याला कोण बघणार?

मंगळवार, १८ मार्च

मास्तर सकाळपासून मागे लागलेत, डोळे तपासून घे. मी म्हटलं, गाडीच्या दिव्यांवरून माझे डोळे का? तर गणिताच्या तासाला करायचे तसं बोटांवर मांडून दाखवलं — संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना शिव्या देतेस, पूर्वी देत नव्हतीस. पेपर डाव्या बाजूला धरतेस. परवा चंद्राकडे बघून म्हणालीस, आज विस्कटलेला दिसतोय. तेव्हा मला वाटलं, कविता करतेस.

भिंगाचा चष्मा लावून मी रोज कामं करते, हात चुकत नाही. तरी जाईन म्हटलं. नाहीतर जेवू देणार नाहीत.

गुरुवार, २० मार्च

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. अजून पुरता पिकलेला नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, यात एका दिव्याचे पाच-सहा दिसतात, फुटल्यासारखे. डाव्या डोळ्यानं भरून निघत होतं म्हणून लक्षात आलं नाही. ऑपरेशन होईपर्यंत दवाखाना बंद.

सूनबाईला लगेच फोन केला. सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "पण आई, मग बाकीच्यांना दात कसे दिसले?"