डावा पाय

३ जानेवारी १९७१, रविवार
आज पाच पाठी! मी पायाळू. आईच्या पोटातून पाय पुढे करून आलो, म्हणून कुणाला उसण भरली की तो माझ्या ओट्यावर पालथा पडतो. रविवारी, डाव्या पायाने, तीनदा. आठवडाभर सातवीला शास्त्र शिकवायचं, रविवारी लाथा मारायच्या. पगार पहिल्याचा, मान दुसऱ्याचा!

१० जानेवारी, रविवार
मच्छिंद्रदादाची पाठ महिनाभर दुखतेय. राहुरीला डॉक्टरकडे चल म्हणालो, तर म्हणे घरात पायाळू असताना डॉक्टर कशाला? आई मात्र नको नको म्हणत होती. का, कोण जाणे.
दिली. थोरल्या भावाला लाथ मारायची संधी रोज थोडीच येते! जरा जोरातच दिली.

११ जानेवारी
पहाटे दादा ओरडत उठला. उठला कसला — कमरेखाली काहीच हलेना. लघवी तुंबली. तळव्याला सुई टोचली, त्याला कळलंही नाही. जीपने नगर, तिथून पुणे.

१३ जानेवारी
कण्यात गाठ आहे. जुनी. तिच्यातून रक्त सुटलं आणि मज्जारज्जू दाबला गेला. डॉक्टरांनी विचारलं, पाठीला मार लागला होता का?
दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बैलानं ढुशी दिली."
शास्त्राच्या मास्तरानं तेच कागदावर लिहू दिलं!

१४ जानेवारी, संक्रांत
ऑपरेशन झालं. साकळलेलं रक्त काढलं, गाठही काढली. चालेल का, ते सहा महिन्यांनी कळेल. न राहवून डॉक्टरांना लाथेचं सांगितलं. म्हणाले, लाथेनं असेल, नुसत्या शिंकेनंही झालं असतं, सांगता येत नाही.
म्हणजे फाशी नाही आणि सुटकाही नाही. रडलो.

१७ जानेवारी, रविवार
वॉर्डातली आया उसण घेऊन आली. दादानेच माझी कीर्ती सांगितली म्हणे! मी पाय पोटाशी घेऊन बसलो.

२० जानेवारी
दादा झोपलेला. आई हळूच म्हणाली, "पायाळू तू न्हाईस रं. मच्छिंद्र हाय. पायाळूवर ईज पडती म्हनत्यात. पयलं पोर, भ्याले. बाळंतपनं माह्यारी झाली, कुनाला कळनार? तू झालास तवा त्ये पायाळूपन तुज्यावर घातलं, म्हंजी ईज त्याला सोडंल."
वीज माझ्यावर पडली असती तर चालली असती?
दादाचा डावा पाय मांडीवर घेऊन चोळत बसलोय. गार आहे.