तिसरं कार्ड

सोमवार, ३ जून
नव्या नोकरीत रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल, दोन मोठे मॉनिटर, न कुरकुरणारी खुर्ची. काम वेबसाइटचं: लोकांना जे दिसतं ते नीट दिसावं, हे बघायचं. आम्ही चौघंच. साहेब, टेस्टरदादा, डिझायनरताई आणि मी. ताईंनी तासाभरात माझ्या डब्यात हात घातला आणि आता तू घरची, असं जाहीर करून टाकलं. साहेबांचा एक नियम आवडला. आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही. दुसऱ्याने बघितल्याशिवाय साइटवर काही चढत नाही.

मंगळवार, ४ जून
'आमची माणसं' या पानावर पाच कार्डं आहेत: साहेब, दादा, नोकरी सोडून गेलेले एक गृहस्थ, ताई, आणि शेवटी मी. साहेब म्हणाले, गेलेल्याचं कार्ड काढू नकोस, नुसतं लपव. इथे सगळं लपवतातच! जुनी बटणं, शिळ्या जाहिराती, सगळी अडगळ पानात तशीच. डोकं फिरलं. मुकाट्याने एक ओळ लिहिली: तिसरं कार्ड पडद्याबाहेर ढकल. खरं तर अशी ओळ नावानिशी लिहायची असते, नंबराने नाही. मी स्वतः दुसऱ्यांना हे शंभरदा ऐकवलंय. पण कंटाळा केला. दादांनी न बघताच मंजुरी दिली.

सोमवार, १० जून
पानावरची कार्डं ज्या यादीवरून बनतात, तिला मंजुरी लागत नाही; साहेबांनी आता स्वतःच त्या गृहस्थांचं कार्ड त्या यादीतून परस्पर काढलं. मला सांगायची पद्धतच नाही! खालची कार्डं वर सरकली आणि तिसरं म्हणून ताईंचं कार्ड दिसेनासं झालं. ताई आज आल्याही नाहीत. दादांना विचारलं तर म्हणाले, कोण ताई? थट्टेलाही काही सुमार असतो. ताईंची पर्स खुर्चीवरच होती.

मंगळवार, ११ जून
ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान मोठ्याने वाचणारा प्रोग्राम असतो. मी प्रत्येक पान त्यावर तपासते. पडद्याबाहेर ढकललेलंही तो वाचतो. आज हेडफोन लावले. त्याने साहेबांचं कार्ड वाचलं, दादांचं वाचलं, आणि मग त्याच सपाट आवाजात: मी काल दिवसभर माझ्या खुर्चीतच बसले होते. तू दोनदा माझ्याकडे बघितलंस. घरी गेले तर मुलीने दार उघडलं नाही.

सगळा कोड शोधला. असं वाक्य कुठेही नाही. दुसरा ब्राउझर लावला, तिथेही तेच. माझी ती ओळ काढून टाकली आणि बदल मंजुरीला पाठवला. दादा म्हणाले, उद्या बघतो.

बुधवार, १२ जून
मंजुरी नाही. दादा मीटिंगमध्ये. नियम मोडून थेट चढवायला गेले, तर परवानगीच नाही. साहेबांच्या मागे लागले. ते म्हणाले, एका ओळीसाठी किती डोकं खातेस! माणूस अडकलाय तिथे, असं ओरडले मी. ते हसले.

दुपारी पुन्हा हेडफोन. घाई कर, साहेबांनी यादी उघडली आ— एवढंच. पुढे काही नाही. साहेबांना ते कार्ड ओळखू आलं नाही, म्हणून त्यांनी काढून टाकलं. पर्स नाही. खुर्चीही नाही. ताई कुठेच नाहीत.

आता यादीत साहेब, दादा, आणि—
तिसरी मी.

गुरुवार, १३ जून
दादांचा खांदा धरून हलवला. त्यांनी उठून एसी कमी केला.

आईला फोन केला. ती नुसती हॅलो, हॅलो—

माझा बदल मंजुरीच्या रांगेत आहे. पाठवणाऱ्याची जागा कोरी. दादांनी उघडला! कोणाचा म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, माहीत नसेल तर रद्द कर.

पुन्हा पाठवला. रद्द. पुन्हा. रद्द.

दादांनी हेडफोन लावले तर मी ऐकू येईन. लावा ना! एकदा तरी धड तपासा, अहो—

साहेबांनी यादी उघडली. विचारतायत, हे तिसरं कोणाचं. दादा म्हणतात, कल्पना नाही.

साहेबांचा हात डाव्या हाताने ओढतेय— बाजूला होत नाही—

नक्की काढायचं का, असं स्क्रीनवर आलंय. साहेब, मी इथे आहे, तुमच्या शेजारी, इथे, बघा ना, मी इ