तारेवरचा दात

हुडकेश्वर, नागपूर
१२ जानेवारी २०२४

ती. दीपमाला आत्यास,
प्रणालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुला ठाऊकच आहे, दातांच्या तारा आवळून परत येताना गाडी घसरली, कुशलदादा गेला आणि माझा समोरचा दात गेला. तेव्हापासून ती फट तशीच आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत पक्का दात बसवता येत नाही म्हणे. म्हणून परवा रामदासपेठेत मुग्धा डॉक्टरांनी तारेला एक खोटा दात जोडून दिला.

घरी आले. आईने माझं पूर्वीसारखं तोंड पाहिलं आणि हसली. मग माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहिली, दादा गाडी लावून येईल तशी. नंतर आत जाऊन खूप रडली.

दुसऱ्याच दिवशी मी तो दात काढून घेतला. डॉक्टरांनी फटीत बारीक स्प्रिंग घातली, नाहीतर बाजूचे दात आत झुकतील. महिन्याने दाखवायला सांगितलंय. मी जाणार नाही. झुकू देत. दात का काढला ते आईला सांगू नकोस.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
प्रणाली

उमरेड
३ मार्च २०२४

चि. प्रणालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा येऊन गेली. तिले मी सांगून टाकलं. रागव आता माझ्यावर. ती म्हणे, दात नसला तरी मी रडतेच, असला तरी रडते. पण त्या दिवशी घडीभर दोघंही लेकरं घरी आल्यासारखे वाटले, तेवढंही पोरीनं काहून काढून घेतलं?

तू तिले जपून राहिली, ती तुले. आता मुकाट्यानं दोघी मिळून दवाखान्यात जा. इकडे आमच्या घरधन्याची, तुझ्या मामाजीची, कवळी कालपासून सापडत नाही, भात गिळून राहिले.

राग आला तरी मले लिहत जाय.
तुझी,
आत्या

हुडकेश्वर
२० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न.

आईसोबत गेले होते. तार एका बाजूने तुटली होती, फट निम्मी झाली होती. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण जागा पुन्हा मोकळी व्हायला पावसाळा उजाडला. दुखलंही फार. आई दर वेळी खुर्चीजवळ बसून राहिली. काल खोटा दात पुन्हा लागला. तो दिसण्यापुरताच, त्याने काही तोडायचं नाही.

म्हणून संध्याकाळी आईने पेरूच्या पातळ फोडी केल्या, तिखटमीठ लावलं आणि सवयीने दोन बशा भरल्या. दुसरी दादाची. आम्हा दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. ती बशी बराच वेळ तशीच राहिली. मग आईने ती आपल्याकडे ओढली आणि एकेक फोड खाल्ली. दादा गेल्यापासून तिने आपणहून काही खाल्लेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मामाजींना नमस्कार. सवड काढून ये, आई वाट बघते.
तुझी,
प्रणाली