मार्गारेटला कोणी विचारले?

९ सप्टेंबर २०१७, ग्वेल्फ, कॅनडा

तीन वर्षांचीही नव्हती! नातीचा, अवंतिकेचा, अकरावीचा इतिहासाचा प्रकल्प वाचते आहे. फ्रान्सच्या राजाची मुलगी मार्गारेट; नवरा इंग्लंडचा राजपुत्र, वय पाच. लग्न लागले की हुंड्यातले सीमेवरचे किल्ले ताब्यात येणार, म्हणून सासऱ्याने लग्नच उरकून घेतले.

"आजी, शी वॉज अ बेबी! तिला कोणी विचारलं तरी का?"

विचारले नसणार. पण ‘नसणार’ हा पुरावा नव्हे. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. नातीला सूट कशी देऊ? पुरावा शोध, म्हटले.

१४ सप्टेंबर

रेजिनाहून मुलाचा, रविकांतचा फोन. सुनेला, रश्मीला, जानेवारीत बाळ होणार. मला आनंद झाला, हे प्रथम नोंदवते. मग भावंडांचे सुरू झाले—

"दादा, बाळंतपणाला नेतोस तर ने, पण मार्चला आईला परत पाठव. माझी शिफ्ट बदलतेय."

"मार्च? अगं सुनू, विंटर तरी संपू दे!"

स्पीकर चालू होता. मी लेकीच्या, सुनेत्राच्या, समोरच बसून मटार सोलत होते.

दोघेही प्रेमळ आहेत. म्हणूनच कुतूहल वाटते— प्रेमळ माणसे हे कसे करतात?

२० सप्टेंबर

पुरावा सापडत नाही. मार्गारेट पंचविशीत विधवा झाली. तिच्या हक्कांवरून दोन राजे भांडले, तडजोड झाली, हंगेरीच्या राजाशी तिचे लग्न ठरले. कोणाला काय मिळाले, सारे नोंदलेले. ती काय म्हणाली— कुठेही नाही.

"खुशीने गेली असेल," मी.

"आजी, वी डोन्ट नो!"

बरोबर. शिकते आहे.

२१ सप्टेंबर

यजमान गेल्यावर मला ठाण्याहून इथे आणले, तेव्हा मी काय म्हणाले होते? आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

२९ सप्टेंबर

रविकांतला सांगितले— रेजिनाला येणार नाही. त्याच्याकडूनच कळले— रश्मीच्या आईची यायची फार इच्छा. तिलाही कोणी विचारले नव्हते!

इकडे सुनेत्रा खूश. "मला माहीतच होतं, आई आमच्याकडेच राहणार!"

पर्याय दोनच, हे गृहीतक मांडले कोणी? कोणीच नाही. म्हणून तर ते कोणी तपासलेही नाही.

४ ऑक्टोबर

प्रकल्पाचे शेवटचे पान. दुसरा नवराही वारला. चाळिशीला टेकलेली मार्गारेट ख्रिस्ती लोकांच्या पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. या वेळी लग्न नाही, किल्ले नाहीत. पोहोचली, आणि थोड्याच दिवसांत वारली.

"सो सॅड. उगाच गेली ना, आजी?"

मला मान्य नाही. लवकर वारली म्हणून जाणे चुकले, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. "इंग्रजीत सांगायचं तर— इट डझन्ट फॉलो." अवंतिकेने वाक्य दोनदा म्हणून पाहिले, आवडले असावे. मार्गारेटच्या मनात काय होते, ते आजही ठाऊक नाही. पण निघाली! आपल्याकडे असलेला तिच्या इच्छेचा सर्वांत जवळचा पुरावा हाच.

११ ऑक्टोबर

तिकीट काढले. टोरांटो ते मुंबई. ठाण्याच्या घराची किल्ली पर्समध्ये. जेवताना सांगितले. सुनेत्रा रडू लागली— "आई, तिथे तुला एकटीला काही झालं तर? जाऊच नकोस!"

अवंतिकेने ताटातून मान वर केली.

"ममा, इट डझन्ट फॉलो."